वाघाच्या सालच्या गाठी

माझं नाव तोरा. तोरा म्हणजे वाघ. आमच्याकडं एकेका सालाला एकेका जनावराचं नाव असतं; वाघाच्या सालात जन्मले म्हणून बापानं हौसेनं ठेवलं, आणि पुढं त्याच नावापायी माझं लग्न जमता जमेना. वाघाच्या सालची मुलगी नवऱ्याला खाते म्हणतात. जो तो बघून जायचा, चहा प्यायचा, आणि साल ऐकलं की जोडे शोधायचा. शेवटी गावाचं न्हाणघर चालवणाऱ्या शिनकिचीनं मागणी घातली. "माझ्या अंगावर मांस आहे कुठं? वाघ उपाशी मरेल," असं म्हणाला होता मेला. सासूबाईंना मी पसंत नव्हते. पहिलं वर्षभर त्यांना माझ्याशी काही बोलायचं असलं तर त्या भिंतीकडं बघून बोलायच्या.

मग लढाई लागली आणि एकाएकी माझा भाव वधारला.

त्याचं असं आहे. मुलगा फौजेत निघाला की त्याच्या कमरेला बांधायला पांढऱ्या कापडाचा पट्टा करायचा. त्यावर हजार बायकांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ मारायची, म्हणजे गोळी लागत नाही. एका बाईची गाठ एकच. पण बाई वाघाच्या सालची असली तर तिनं वयाइतक्या गाठी मारायच्या, कारण वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस चालून परत घरी येतो. ज्या आयांनी आपल्या पोरांसाठी मला नाकारलं होतं, त्याच आता कापडाची घडी घेऊन माझ्यापुढं वाकून उभ्या राहायला लागल्या. "तोरासान, तेवढ्या तुमच्या गाठी." हे मानाचं "सान"ही तेव्हाच लागलं. मी मुद्दाम जरा वेळ लावायची. का लावू नये?

आमचं न्हाणघर म्हणजे गावाची चावडीच. मधोमध उंच गल्ला, डाव्या हाताला पुरुष, उजव्या हाताला बायका, मध्ये लाकडी आडभिंत. गल्ल्यावर बसणाऱ्याला दोन्हीकडचं सगळं दिसतं. आधी शिनकिची बसायचा. त्याला फौजेच्या बोलावण्याचा लाल कागद आला, तो ब्रह्मदेशात गेला, आणि मी बसायला लागले. पहिल्या दिवशी पुरुष लाजले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी म्हणजे एक खांब.

माझ्या डोक्यावर रेडिओ होता. संध्याकाळी आधी बँड वाजायचा, मग मुख्यालयाची बातमी. बँडवरूनच कळायचं, आज आरमाराची आहे की पायदळाची. बँड लागला की बादल्या खाली, पाणी बंद. सगळं गाव नागडं, निथळत, मान खाली घालून उभं. रोज चार-चार आघाड्या असायच्या. चीनमध्ये अमुक शहराला वेढा घातला. ब्रह्मदेशात तमुक नदी ओलांडली. दक्षिणेच्या समुद्रात शत्रूची इतकी जहाजं बुडवली, आपलं नुकसान किरकोळ. न्यू गिनीत शत्रूला रोखून धरलं. हे "रोखून धरलं" आलं की समजायचं, इथं कुणाच्या तरी घरी रडारड होणार आहे.

पुरुषांच्या बाजूला भिंतीवर नकाशा होता. ओगाता गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, बातमी ऐकून कागदाची निशाणं पुढं सरकवायचे. बायकांना नकाशा दिसायचा नाही. त्या आडभिंतीवरून ओरडायच्या, "गुरुजी, कुठं आलं हे सायपान? लांब आहे का?" आणि गुरुजी म्हणायचे, "लांब आहे, बाई, लांब आहे. काळजी नको." पहिल्यांदा खरंच लांब होतं.

कोहिमा घेतल्याची बातमी आली त्या वसंतात तर गुरुजींना पंचा गुंडाळायचंही भान राहिलं नाही. तसेच नकाशापाशी धावले. "हिंदुस्थानात शिरलो! ऐकलंत का? हिंदुस्थानात!" मी गल्ल्यावरून ओरडले, "गुरुजी, हिंदुस्थानात जा नाहीतर चंद्रावर जा, पण आधी ते झाका!" दोन्हीकडं हशा झाला. सासूबाई बायकांच्या बाजूला होत्या, त्यासुद्धा हसल्या. त्या फौजेत शिनकिची होता.

त्याच्या पट्ट्यासाठी सासूबाई भर थंडीत पुलावर उभ्या राहिल्या होत्या. गुडघाभर बर्फ. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईपुढं कापड धरायचं, वाकायचं, "कृपा करून एक गाठ," म्हणायचं. बोटं सुजून केळ्यासारखी झाली. शेवटच्या गाठी माझ्या. मी मारत होते तेव्हा त्या समोर बसून बघत होत्या, आणि मग भिंतीकडं न बघता, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घट्ट मार, सूनबाई." त्या दिवसापासून जेवणात रताळ्याचा मधला गोड तुकडा माझ्या वाडग्यात पडायला लागला. "तुझे हात जपले पाहिजेत," म्हणायच्या. आमच्या दोघींचं जमलं ते त्या पट्ट्यामुळं. शिनकिची परत येणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि ते माझ्या गाठींवर धरलं होतं. मीही धरलं होतं. का खोटं सांगू? मला मूलबाळ नाही. माझं म्हणून जगात एक शिनकिची होता.

पण लढाईत पडलेल्यांच्या अस्थींच्या पांढऱ्या पेट्या यायला लागल्या.

उन्हाळ्यात सायपान गेलं. मुख्यालयानं सांगितलं, सगळ्यांनी अखेरपर्यंत लढून देह ठेवला. त्यात कुरामावशीचा थोरला होता. कुरामावशी म्हणजे आमच्या गल्लीतली, मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवण, विकायची, जीभ माझ्याइतकीच तिखट. पेटी आली तेव्हा तिनं कानाशी धरून हलवली. आत काहीच वाजलं नाही. उघडली तर चिठ्ठीवर त्याचं नाव, बस्स. ती पेटी छातीशी धरून न्हाणघरात आली आणि मला म्हणाली, "तोरा, याच्या पट्ट्यावर तुझ्या होत्या ना गं गाठी?" मी म्हटलं, "होत्या." "मोजून मारल्या होत्यास?" "मोजून मारल्या होत्या, मावशी." ती मान हलवत निघून गेली. शरद ऋतूत तिचा धाकटाही गेला, फिलिपाईन्सच्या वाटेवर, जहाजासकट. त्याची तर पेटीही उशिरा आली.

ब्रह्मदेशाची बातमी एव्हाना बदलली होती. माघार असा शब्दच मुख्यालयाच्या कोशात नाही. "आमच्या सैन्यानं इंफाळच्या बाजूचा मोर्चा वळवला आहे," असं एक दिवस सांगितलं. कुठं वळवला, कुणी विचारलं नाही. गुरुजींनी निशाण उपटलं आणि कुठं रोवायचं ते न कळून हातात धरून उभे राहिले. पुढं ते निशाण त्यांनी खिशात ठेवलं असावं, कारण मला ते परत दिसलं नाही. शिनकिचीची पत्रंही त्यानंतर आली नाहीत.

तरी बायका यायच्याच. आता फौजेत पोरगेल्यांनाही घेत होते, चाळिशीच्यांनाही घेत होते. लाकूड नाही म्हणून न्हाणघर आठवड्यातून दोनदाच लागायचं, पाणी इतकं दाट व्हायचं की तळ दिसत नसे, आणि त्या वाफेत बायका कापडं सांभाळत उभ्या. कुरामावशी एकदा मला म्हणाली, "वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. मी तर तुला तोरासान म्हणत होते." मी तिच्या आंघोळीचे पैसे घेतले नाहीत. दोन पोरं गेलेल्या बाईला काय बोलायचं असतं?

मग आला जुन्या पंचांगातल्या वसंताचा आदला दिवस, भाजलेले सोयाबीन उधळायचा सण. "भुतं बाहेर, भाग्य आत," म्हणत दाणे घरभर फेकायचे आणि मग ज्याच्या त्याच्या वयाइतके खायचे. त्या साली वाटपात मूठभर दाणे मिळाले, ते सगळ्या गल्लीचे मिळून. बायका कपडे बदलायच्या खोलीत जमल्या होत्या. फेकायचं सोडाच, वयाइतके खायलाही पुरेनात. म्हाताऱ्या म्हणत होत्या, आम्ही वय कमी करून घेतो. बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू आलं, म्हणून माझीही जीभ सुटली.

"माझ्या जन्माच्या साली तर माझी आई बाळंतिणीच्या अंथरुणावर," मी म्हटलं. "बापानं एकट्यानंच दाणे उधळले. मी चार दिवसांची. एक दाणा नेमका माझ्या कपाळावर बसला, तर म्हणे मी रडायचं सोडून त्याच्याकडंच डोळे वटारले."

सगळ्या हसल्या. कुरामावशी हसली नाही. तिच्या तोंडातला दाणा तसाच राहिला.

"चार दिवसांची?" ती म्हणाली. "म्हणजे दाण्यांच्या आधी झालीस तू?"

"हो. का?"

"मग तू वाघाची कशी?"

मला आधी कळलंच नाही. बाकीच्यांना कळलं. सरकारनं इंग्रजांसारखं पंचांग केलं त्याला माझ्या आजीचा जन्म उलटला. सरकारचं साल जानेवारीच्या पहिल्या दिवशी बदलतं. पण लग्न, पेरणी, घराची चौकट, सगळं अजून जुन्या पंचांगावर, आणि त्यात दाणे पडल्याशिवाय साल पालटत नाही. माझा बाप फेरीवाला, शहरात फिरलेला. त्यानं सरकारी साल धरलं आणि वाघ म्हणून मोकळा झाला. वाढदिवस आमच्यात कुणी करत नाही, वय सगळ्यांचं एकदमच वाढतं, मग कोण बघतंय?

"बैलाची आहेस तू," कुरामावशी म्हणाली. "वाघाच्या आधीचं साल बैलाचं. अगं, बैलाची आहेस! बैल परत येतो का कधी? नेतील तिकडं जातो, आणि शेवटी कापतात त्याला." आणि ती मोठ्यानं रडायला लागली. दोन्ही पेट्या आल्या तेव्हा ती अशी रडली नव्हती.

मी म्हटलं, "सरकारी दप्तरात वाघ आहे मावशी, दप्तर बघा!" पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी न्हाणघर लागलं तेव्हा बायका आंघोळीला आल्या, पण कापड एकीच्याही हातात नव्हतं. नाही म्हणायला तिघी-चौघींनी आणलं होतं. ज्यांची पोरं अजून निघायची होती त्या कोपऱ्यात बसून सुईच्या टोकानं माझ्या गाठी उसवत होत्या. माझ्यादेखत. लाल दोऱ्याचे तुकडे चटईवर पडत होते, आणि ते झाडायचे मलाच होते. ज्यांची पोरं कधीच गेली होती त्यांनी काय करावं? त्या नुसत्या माझ्याकडं बघायच्या. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसली गत, आणि बैलही मीच. मी गल्ल्यावरून म्हटलं, "उसवा, उसवा! आणि त्या जागी मांजराच्या सालची शोधा!" कुणी हसलं नाही. मांजराचं साल नसतंच.

सासूबाई परत भिंतीकडं बघून बोलायला लागल्या. "बर्फात उभी राहिले मी," त्या भिंतीला सांगायच्या. "हजार बायकांपुढं वाकले. आणि शेवटी माझ्याच घरातनं बैल बांधला पोराच्या कमरेला." रताळ्याचा तुकडा गेला त्याचं काही नाही. पण एक दिवस त्यांनी देव्हाऱ्यात शिनकिचीचा फोटो ठेवला, बापाच्या फोटोशेजारी. तिथं गेलेल्यांचे ठेवतात.

मी तो काढला. "जिवंत आहे तो!"

"मग पत्र कुठंय?"

"कुणाचंच नाही येत ब्रह्मदेशातनं!"

"ज्यांच्या कमरेला वाघ आहे त्यांचं येईल," असं म्हणून त्यांनी तो परत ठेवला. मी परत काढला. पुढं आमचा तोच खेळ चालला, सकाळी त्या ठेवायच्या, दुपारी मी काढायची. एकदा फोटोची काच तडकली, तरी आम्ही थांबलो नाही.

दिवसभर मी भांडायची. पण खरं सांगते, आतनं मी गळाले होते. देवळात गेले. पुजाऱ्याला विचारलं, "महाराज, देव कुठलं पंचांग बघतो?" बिचारा घंटेच्या जागेकडं बघत राहिला. देवळाची घंटासुद्धा तोफांसाठी वितळवायला नेली होती, नुसता खांब उरला होता. म्हणाला, "बाई, मला माहीत असतं तर सांगितलं असतं." एवढंच. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की मी माझ्या नवऱ्याला मारलेलं नाही. दुसरं काही नको होतं. तो यावा, आणि न आलाच तर निदान ते माझ्या हातानं नसावं.

मार्चमध्ये कोहेइला लाल कागद आला. कोहेइ माझा दीर, शिनकिचीहून खूप धाकटा, न्हाणघराची भट्टी तो पेटवायचा. दम्यामुळं दोनदा परत पाठवला होता. आता दमाही चालत होता. त्यानं कागद मला दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, चला, एकदाची सुटका. पाइनची ओली लाकडं फुंकून फुंकून दमा झाला, आता गोळीनं बरा होईल."

"जीभ झडो तुझी," मी म्हटलं.

सासूबाईंनी त्याच दिवशी नवं कापड काढलं. पांढरं कापड गावात मिळत नव्हतं, त्यांनी आपल्या लग्नातल्या आतल्या झग्याचं फाडलं. परत पुलावर उभ्या राहिल्या. डोंगरापलीकडच्या गावात एक म्हातारी होती, खरी वाघाची, उन्हाळ्यात जन्मलेली. तिच्याकडं चालत जाऊन आल्या. मी कापडाला हात लावायला गेले तर त्यांनी ते बाहीआड ओढून घेतलं. एका पोराच्या जिवाला भ्यालेली आई होती ती. मला राग आला आणि दयाही आली. राग जास्त आला.

आणि त्याच आठवड्यात दाइसाकु परत आला.

दाइसाकु म्हणजे सुताराचा, शिनकिचीच्याच तुकडीतला. इस्पितळाच्या जहाजानं आला होता, डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. गावात कुणाशी बोलत नव्हता. बोलायचं नाही अशी ताकीद होती म्हणे. दुपारी न्हाणघर उघडायच्या आधी तो कुबडीवर आला. "वहिनी, लोकांसमोर नको, आत्ता आंघोळ करू द्याल?" मी त्याला पहिलं, स्वच्छ पाणी दिलं. कोहेइ मागं भट्टीपाशी होता.

तो टाकीच्या कडेला बसला होता. पाठीच्या कण्याचा मणका न् मणका दिसत होता. मी साबणाऐवजी कोंड्याची पिशवी दिली, आणि माझ्यानं राहवेना. "दाइसाकु, मला खरं सांग. तो आहे का?"

त्यानं पाण्याकडं बघत मान हलवली. नाही.

"केव्हा?"

"पावसात. परत येताना. कोहिमाहून मागं फिरलो तेव्हा खायला काहीच नव्हतं, वहिनी. गवत खाल्लं. सगळ्यांनाच हगवण. वाटेच्या कडेला माणसं नुसती बसलेली. शिनकिचीदादाही बसला. म्हणाला, तू हो पुढं, मी बुटावरच्या पट्ट्या बांधून येतो. आणि त्याच्या पायात बूटसुद्धा नव्हते. मी पुढं गेलो. माझ्याच्यानं दुसरं काही झालं नाही."

मी भरलेलीच बादली परत भरली. मग मी विचारायला नको ते विचारलं. "आणि कमरेचा पट्टा? तो होता ना त्याच्या अंगावर?"

"कुठला पट्टा?"

"हजार गाठींचा! सासूबाईंनी केलेला!"

त्याला आठवलं, आणि त्या तसल्या तोंडावर चक्क हसू आलं. "तो? तो तर आम्ही रंगूनच्या पुढं गेलो तेव्हाच जाळला, वहिनी. सगळ्यांनी जाळले. उवा व्हायच्या हो! एकेका गाठीत घर. रात्रंदिवस खाजवून कातडी निघायची. शिनकिचीदादानं तर सगळ्यात आधी आगीत टाकला. आम्हाला ओरडून म्हणाला, या या, बघा, माझ्या बायकोच्या गाठीतल्या उवा सगळ्यात जाड आहेत, वाघाच्या उवा आहेत ह्या! फार हसवलं त्यानं त्या दिवशी." आणि मग माझा चेहरा बघून त्यानं तोंडावर पाणी मारलं.

मला काय वाटलं ते सांगू? पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. नवरा मेल्याचं कळलं आणि माझ्या मनात आलं, मी नाही मारलं! वाघ नाही, बैल नाही, त्याच्या कमरेला माझं काहीच नव्हतं. एवढा हलकेपणा मला कित्येक दिवसांत वाटला नव्हता. आणि मग त्याच्या मागोमाग ते आलं. बूट नसलेले त्याचे पाय मला दिसले.

संध्याकाळी न्हाणघर उघडलं. मी गल्ल्यावर बसले. रेडिओवर इओजिमाच्या बेटाची बातमी चालली होती, तिथंही सगळ्यांनी अखेरपर्यंत लढून देह ठेवला होता. गुरुजी आजकाल नकाशापाशी जात नसत, पाठ करून बसायचे. बायकांच्या बाजूला सासूबाई कोहेइचं कापड घेऊन बसल्या होत्या, कुरामावशी गाठ मारत होती. मला बघून सासूबाईंनी भिंतीला सांगितलं, "त्या पोराला तरी बैल लागू नये, एवढंच."

झालं. माझं डोकं फिरलं. मी गल्ल्यावरून उतरले आणि सगळ्यांसमोर बोलले. शिनकिची गेल्याचं बोलले, आणि थांबले नाही. "त्याच्या अंगावर पट्टाच नव्हता! ऐकताय का? जाळला त्यानं! उवा झाल्या म्हणून जाळला, सगळ्यांनी जाळले! माझ्या गाठी वाघाच्या असोत, बैलाच्या असोत, नाहीतर बेडकाच्या! गेल्या चुलीत! आता मला कुणी बोलायचं नाही!"

कुरामावशीच्या हातातली सुई थांबली. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या, भिंतीकडं नाही. मला वाटलं आता त्या कोसळतील, आणि मला आपण बोललो त्याची लाज वाटायला लागली.

"तरीच," सासूबाई म्हणाल्या.

मला समजलंच नाही. "काय तरीच?"

"तरीच गेला. काढला म्हणून गेला." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "लहानपणापासून तसाच. अंगावर काही ठेवायचा नाही. मी बर्फात उभी राहिले, आणि ह्यानं उवांसाठी जाळला. मूर्ख पोर." आणि त्यांनी डोळे पुसले, पण त्यात एक प्रकारचं समाधान होतं.

"माझ्या पोरांनीही काढलाच असणार," कुरामावशी म्हणाली. "धाकट्याला तर लोकरीचा सदरासुद्धा टोचायचा." तिनं माझा हात धरला. "तोरा, मी तुला नाही नाही ते बोलले गं. दप्तरात वाघ आहे ना? मग वाघच. सरकारपेक्षा आपल्याला जास्त कळतं का?"

बाकीच्याही बोलायला लागल्या. जिनं माझ्या गाठी उसवल्या होत्या ती म्हणाली, उद्या कापड घेऊन येते. कुणी म्हणालं, पट्टा सदऱ्यालाच शिवून टाकायचा, म्हणजे काढता येणार नाही. कुणी म्हणालं, पोरांना बजावून पाठवायचं. शिनकिची वाटेच्या कडेला बसून मेला, आणि ह्या बायकांच्या अंगात त्यामुळं उलट जीव आला होता. मला ओरडावंसं वाटत होतं की अगं बायांनो, ती पोरं गवत खाऊन मेली, गवत! पण मी मघाशी ओरडले होते, आणि त्याचं हे झालं होतं.

सासूबाईंनी कोहेइचं कापड माझ्या मांडीवर ठेवलं. "बत्तीस मार," त्या म्हणाल्या. "घट्ट मार, सूनबाई."

त्याला सकाळच्या गाडीनं जायचं होतं. आंघोळी आटोपल्यावर मी भट्टीपाशी बसले, तिथंच जरा ऊब होती. कोहेइ निखारे सारत होता. दुपारचं त्यानं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं, मला ठाऊक होतं. भावासाठी तो रडला होता, डोळे सुजले होते. मी गाठी मारत होते, एकामागून एक, खरंच घट्ट.

"वहिनी," तो म्हणाला, "फार होतात का गं उवा?"

"होतात," मी म्हटलं. "झाल्या की काढ आणि जाळून टाक. आईला लिहू नकोस."

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं माझ्या हातातली सुई घेतली आणि तिच्यात नवा दोरा ओवून दिला, कारण मला काही ते भोक दिसत नव्हतं.